परीक्षा संपली, दर्यावर गर्दी सुरू. खर्च कोणी करायचा?



बारावीचा शेवटचा पेपर झाला की त्याच संध्याकाळी पोरे किनाऱ्यावर दिसू लागतात. आपली असतात, बाहेरचीही असतात. चोर्ला घाटातून बेळगावच्या गाड्या उतरतात, पत्रादेवीवरून सावंतवाडीकडची मुले येतात. वर्षभर पुस्तकात डोके घालून बसलेल्यांनी चार घटका मजा केली तर त्यात वाईट काय? आमचा त्याला विरोध नाही. पण कोणी बुडाले की पहिली हाक आपल्या होडीला पडते, म्हणून बोलावे लागते.

१५ एप्रिल २०१७ रोजी मालवणच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या सहलीतले आठ जण गेले. त्याच्या आदल्या वर्षी, १ फेब्रुवारी २०१६ ला, मुरूडला पुण्याच्या कॉलेजची चौदा मुले. दोन्हीकडे पाण्यात उतरून शोधायला स्थानिक मच्छीमार होतेच.

आपल्याकडे २००८ पासून सरकारच्या पैशांतून जीवरक्षक आहेत. त्यांनी किती जीव वाचवले ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे, त्यांना नावे ठेवणार नाही. पण दिवस मावळला की ते टॉवरवरून उतरतात आणि पोरांची पार्टी तेव्हाच रंगते. किनाऱ्यावर उघड्यावर दारू प्यायल्यास दोन हजार आणि गटाने प्यायल्यास दहा हजार दंड, असा कायदा २०१९ मध्ये झाला. दंडाची पावती फाडून पाण्यात गेलेला मुलगा परत येत नाही.

जे आपण शिकवू शकतो ते कुठल्याही पुस्तकात नाही. जिथे लाट फुटत नाही, पाणी शांत दिसते, तीच जागा आत ओढणारी असते. पोरे नेमकी तिथेच उतरतात, शांत आहे म्हणून! ओढ लागली तर किनाऱ्याकडे झुंजायचे नाही, आडवे पोहायचे. केरीला तेरेखोलच्या मुखाशी, मोरजीला शापोऱ्याच्या, बेतूलला साळच्या मुखाशी ओहोटीत उतरायचे नाही. अमावस्या-पुनवेच्या उधाणाला तर अजिबात नाही. हे सांगायला आपला एखादा जुना तांडेल शाळेत अर्धा तास उभा राहिला तरी पुरे. पोस्टरपेक्षा त्याचे ऐकतील.

आणि आपलीच पोरे. 'आमचो पोरगो दर्यावरच वाढला' असे आपण छातीठोक म्हणतो. तो वाढला बापासोबत, शुद्धीवर. रात्री बियर घेऊन मित्रांच्या पैजेवर उतरलेला पोरगा खारव्याचा असो की शिक्षकाचा, दर्याला फरक कळत नाही. ही गोष्ट घरात बोलायला आपण लाजतो.

आता पैशाचे. शोधाला होडी गेली की त्या दिवसाची मासळी गेली, डिझेल आपले, खलाशांची मजुरी आपली. रात्री खडकाला लागून पंखा तुटला तर तोही आपलाच. माणुसकीचे बिल कोणी लावत नाही, आम्हीही लावणार नाही. पण दरवर्षी तेच होणार हे ठाऊक असताना आधीच तरतूद का नसावी? ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला बारावी सुटलेली मुले नोव्हेंबरअखेर किनाऱ्यावर जमतात. तिथले सरकार त्यासाठी पैसे ठेवते, स्वयंसेवक रात्री पोरांना खोलीपर्यंत चालत सोडून येतात. आपल्याला एवढे मोठे काही नको.

आमची मागणी साधी आहे. पर्यटन खात्याने मार्च ते मे प्रत्येक गर्दीच्या किनाऱ्यावर दोन होड्यांचे राखीव डिझेल, लाईफ जॅकेट, बोया आणि बॅटऱ्या द्याव्यात. रात्रीपाळीला बसणाऱ्या आपल्या मुलांना मानधन द्यावे. पंचायतीने किनाऱ्यावरच्या पार्किंगच्या पैशांतला थोडा वाटा यात घालावा.

काही जण विचारतील, परक्यांच्या पोरांसाठी आपण का राबायचे? विचारणे चूक नाही, ट्रॉलरचे हप्ते आपल्यालाच भरायचे असतात. पण सकाळी रापण ओढताना जाळ्यात काय येईल या भीतीने ज्यांनी दोर धरला आहे, त्यांनी हा प्रश्न आम्हाला कधी विचारला नाही.

निवेदनाचा मसुदा सोसायटीच्या कार्यालयात ठेवला आहे. वाचून सही करा, आणि रात्रीपाळीला कोणाची होडी मिळेल तेही तिथल्या वहीत लिहून जा.