'पेंडिंग' म्हणजे पैसे मिळाले असं नव्हे!

ना बँक, ना दलाल, सगळ्यांना समान न्याय. बिटकॉइनचा हा प्रचार आता तालुक्याच्या लॉजवरच्या सेमिनारपर्यंत पोचलाय. त्या सेमिनारवाल्यांना माझा एकच प्रश्न आहे. मेमपूल म्हणजे काय, हे लोकांना सांगता का हो?

तुम्ही सांगत नसाल तर मी सांगतो. बिटकॉइन पाठवलं की ते लगेच जमा होत नाही. आधी ते कन्फर्म न झालेल्या व्यवहारांच्या गर्दीत जाऊन पडतं. ती गर्दी म्हणजे मेमपूल. साधारण दर १० मिनिटांनी एक ब्लॉक तयार होतो आणि त्यात मावतील तेवढेच व्यवहार पुढे सरकतात. इथं रेशन दुकानासारखा नंबर लागत नाही, लिलाव चालतो. जो जास्त फी देईल, त्याचा व्यवहार मायनर आधी उचलणार.

बरं, ही फी रकमेवर नसते, व्यवहाराच्या डेटाच्या आकारावर असते. म्हणजे एक कोटी पाठवणारा आणि एक हजार पाठवणारा, दोघांना फी जवळपास सारखीच! २० एप्रिल २०२४ ला सरासरी फी १०० डॉलरच्या वर गेली होती. त्या दिवशी हजारवाल्यानं काय करायचं होतं? हाच का समान न्याय?

तंत्रज्ञ म्हणतील, अडकलेल्या व्यवहाराची सोय आहे. आहे ना! फी वाढवून जुन्या व्यवहाराच्या जागी नवा टाकता येतो. पण हीच सोय वापरून पाठवणारा ती रक्कम परत स्वतःच्याच पत्त्यावर वळवू शकतो. खरा धोका इथं आहे. समोरचा मोबाइलवर 'अनकन्फर्म्ड' दाखवून म्हणतो, "टाकले बघा पैसे." तुम्ही विश्वासानं रोकड देता. थोड्या वेळानं तो व्यवहारच गायब! यूपीआय अडकलं तर बँकेत जाऊन भांडता तरी येतं. इथं भांडणार कुणाशी?

दोष तंत्रज्ञानाचा नाही, त्याचे नियम उघड आहेत. दोष अर्धंच सांगून कमिशन खाणाऱ्यांचा आहे. आणि सरकारचाही. २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर घेता, मग 'पेंडिंग' म्हणजे काय हे प्रत्येक अ‍ॅपवर साध्या मराठीत लिहायची सक्ती का करत नाही?

तोवर एवढं लक्षात ठेवा: स्क्रीनशॉट ही पावती नाही. कन्फर्मेशन मोजा, मोठ्या रकमेला सहा होईपर्यंत थांबा. घाई करणारा माणूस दिसला की समजून जा.