मदतपृष्ठ कोणासाठी?



संगणकावरील एखादे काम अडले म्हणजे डोळस मनुष्य त्याचे मदतपृष्ठ उघडतो, वरपासून खालपर्यंत नजर फिरवितो आणि हवा तो मजकूर क्षणार्धात शोधून काढतो. दृष्टिहीन मनुष्याने काय करावे? त्याच्या साहाय्यास स्क्रीन रीडर नावाची आज्ञावली असते. ती पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविते. ‘एनव्हीडीए’ ही अशीच एक आज्ञावली. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने ती २००६ साली रचावयास घेतली. ती विनामूल्य मिळते आणि मराठीही वाचते.

परंतु आवाज ओळीमागून ओळ असा चालतो. नजरेसारखी उडी त्यास घेता येत नाही. म्हणून कळफलकावर सोय केलेली आहे. ‘एच’ दाबले की पुढील शीर्षक, ‘के’ दाबले की पुढील दुवा; इन्सर्ट व एफ-७ एकत्र दाबले की दुव्यांची वा शीर्षकांची यादीच हाती येते. ही विद्या कठीण नव्हे. तरीही मनुष्य अडतो, आणि त्यात दोष त्याचा नसतो. पृष्ठ लिहिणाऱ्याने शीर्षकास शीर्षकाची खूणच दिलेली नसते; अक्षरे केवळ मोठी व ठळक केलेली असतात. डोळ्यांस ते शीर्षक दिसते, यंत्रास मात्र तो साधा मजकूर. मग ‘एच’ कितीही वेळा दाबा!

माझ्या कचेरीत एक दृष्टिहीन विद्यार्थी आला होता. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना अडला, म्हणून त्याने मदतपृष्ठ उघडले. तेथे सूचना होती, ‘चित्रात दाखविलेले हिरवे बटण दाबा.’ चित्रास वर्णन जोडलेले नव्हते. पुढे सात दुवे, आणि सातही ‘येथे क्लिक करा’! अखेर शेजाऱ्यास बोलावून, त्यास आपला पासवर्ड सांगून, त्याने अर्ज पुरा केला. मला त्या पासवर्डचेच अधिक वाईट वाटले.

कोणी म्हणेल, लिहिणाऱ्यांनी थोडी दया दाखवावी. दया हा शब्द मला येथे मुळीच मान्य नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचे ४२ वे कलम इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम स्वरूपात असावा याची जबाबदारी शासनावर टाकते. २०१७ च्या नियमांनी सुगमतेचे मानदंड केवळ शिफारशीवजा करून ठेवले होते. तो नियम सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी मूळ अधिनियमाशी विसंगत ठरविला. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालाने तर डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग मानला.

तेव्हा आपल्या घरातील कोणी असा अडला, तर शेजाऱ्यास हाक मारून गप्प बसू नका. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करा. तीत पृष्ठाचा पत्ता, तारीख, कोणती कळ दाबली आणि यंत्र नेमके काय बोलले, हे शब्दशः नमूद करा. ‘संकेतस्थळ चालत नाही’ एवढेच लिहिलेत, तर कोणी अधिकारी ते पृष्ठ आपल्या डोळ्यांनी पाहील आणि ‘येथे तर सर्व ठीक दिसते’ असा शेरा मारून कागद परत पाठवील.