शेतकऱ्याच्या हाती लेखणी



यंदाचा दिवाळी अंक आपल्या हाती देताना एका शेतकरी संपादकाची ओळख करून द्यावीशी वाटते. लिओनिडास पोल्क यांचा जन्म १८३७ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात झाला. १८६० मध्ये, ऐन तारुण्यात, ते राज्याच्या विधिमंडळावर निवडून गेले. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेतल्या राज्यांच्या बाजूने लढले आणि पुन्हा शेतीकडे वळले.

युद्धानंतर तिथला कापूस उत्पादक दुकानदाराच्या वहीत अडकला. बी, खत, किराणा सारे उधार, तेही रोखीपेक्षा चढ्या दराने. तारण उभ्या पिकाचे. सावकाराला कापूसच हवा, म्हणून शेतकऱ्याने धान्यही विकत घ्यायचे. याच युद्धाने आपल्याकडच्या कापसाचे भाव गगनाला भिडवले होते आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच ते कोसळले. दोन्हीकडचा शेतकरी एकाच बाजारात नाडला गेला.

पोल्क १८७७ मध्ये राज्याचे पहिले कृषी आयुक्त झाले. १८८६ मध्ये त्यांनी ‘प्रोग्रेसिव्ह फार्मर’ हे साप्ताहिक काढले. कृषी महाविद्यालयाची मागणी त्यांनी लावून धरली आणि १८८७ मध्ये विधिमंडळाने ती मान्य केली. १८८९ पासून ते फार्मर्स अलायन्स या देशव्यापी शेतकरी संघटनेचे अध्यक्ष होते. सरकारी गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत, एक टक्का व्याजाने कर्ज मिळावे, ही संघटनेची मागणी होती. आपल्या बाजार समित्यांतली शेतमाल तारण योजना याच विचाराची आहे.

जून १८९२ मध्ये पोल्क गेले. शेतकऱ्यांच्या नव्या पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून त्यांच्याकडेच पाहिले जात होते. पक्षाचे अधिवेशन तीन आठवड्यांवर आले होते.

या कार्याला एक मोठी उणीव होती. त्यांच्या संघटनेत कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना प्रवेश नव्हता. त्यांना वेगळा संघ काढावा लागला. कर्ज दोघांच्या डोक्यावर एकच, पण लढाई वेगवेगळी. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण करणाऱ्या जोतीराव फुले यांना मात्र शेतकऱ्याचा आणि अस्पृश्याचा प्रश्न वेगळा काढता येत नव्हता.

या अंकात शेतीवर लिहिणारे अनेकजण स्वतः शेती करतात. त्यांचे लेखन आवर्जून वाचा, आणि गावात संघटना बांधाल तेव्हा अल्पभूधारकाला, भूमिहीनाला आणि शेतात राबणाऱ्या बाईला पहिल्या बैठकीपासून बोलवा.



— संपादक