एका लाखाचे 683

निवृत्तीनंतरच्या दोन-तीन महिन्यांत पासबुकात आयुष्यातला सगळ्यात मोठा आकडा उमटतो. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, सगळं पाठोपाठ येतं. त्याच महिन्यांत घरात दोन बेत जोर धरतात. घर एकदाचं नीट करून घेऊ, आणि आता तरी कुठे फिरून येऊ. तीस-पस्तीस वर्षं दोन्ही गोष्टी पुढे ढकललेल्या असतात, तेव्हा दोन्ही मागण्या रास्तच. तिसरी मागणी मात्र कुणी बोलून दाखवत नाही. पुढची वीस-पंचवीस वर्षं दर महिन्याला वाणसामान, वीज आणि औषधं यांचे पैसे द्यायचे असतात.

ज्यांना महागाई भत्त्यासकट जुनी पेन्शन आहे त्यांचा हिशेब वेगळा. मी बोलतोय तो कारखान्यात, खासगी ऑफिसात, पतपेढीत किंवा सहकारी साखर कारखान्यात नोकरी केलेल्या माणसाबद्दल. त्याची पेन्शन म्हणजे ईपीएस-95. तिचं सूत्र सरळ आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. पगाराची मर्यादा 15,000 रुपये, तीही सप्टेंबर 2014 पासून. म्हणजे पूर्ण मर्यादेवर 35 वर्षं धरली तरी उत्तर 7,500 येतं. वाढीव पेन्शनचा पर्याय घेतलेले थोडे लोक सोडले, तर बहुतेकांच्या हाती याहून बरंच कमी पडतं. किमान रक्कम 2014 पासून 1,000 रुपयांवर अडलेली आहे आणि तिला महागाई भत्ता नाही. बुलढाण्यात या पेन्शनधारकांनी वर्षानुवर्षं साखळी उपोषण केलं ते याचसाठी. अशा माणसाच्या घरात पेन्शन हा आधार नसतो. आधार असतो तो एकरकमी आलेल्या पैशाचा.

एक हिशेब मांडतो. समजा, सांगलीतलं जोडपं आहे, स्वतःचा फ्लॅट आहे, मुलं मार्गी लागलेली आहेत आणि हातात 40 लाख आलेत. 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. ही मर्यादा 2023 च्या अर्थसंकल्पात 15 लाखांवरून दुप्पट झाली आणि त्याच एप्रिलमध्ये व्याज 8.2 टक्के झालं. सरकार दर तिमाहीला दर ठरवत असलं तरी एकदा ठेवलेल्या पैशाला पाच वर्षं तोच दर मिळतो. वर्षाचे 2,46,000, महिन्याला 20,500. 9 लाख पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत 7.4 टक्क्यांनी ठेवले, त्याचे महिन्याला 5,550. उरलेला एक लाख अडीनडीला बचत खात्यात. पेन्शन 3,000 धरू. एकूण 29,050. दोघांचा घरखर्च, सोसायटीचं मेंटेनन्स आणि आरोग्य विम्याचा हप्ता मिळून 22,000 धरला, तर हातात 7,050 उरतात.

आता घराचं काम येतं. ठेकेदार मोजमाप घेऊन जातो आणि दहा लाखांचा अंदाज देतो. मॉड्युलर किचन, हॉलला पीओपी, सगळीकडे व्हिट्रिफाइड लादी, नवं फर्निचर. खात्यात 40 लाख दिसत असताना दहा लाख पेलण्यासारखे वाटतात. पण 8.2 टक्क्यांनी एका लाखाचे महिन्याला 683 रुपये येतात. दहा लाखांचे 6,833. शिल्लक होती 7,050, आता 217 उरले. त्या किचनसाठी हे जोडपं दर महिन्याला, दर वर्षी, हयातभर पैसे भरत राहणार आहे, आणि कुठल्याही बिलावर तसं लिहिलेलं नसेल.

हेच माप प्रवासाला लावून पाहायला हवं, नाहीतर तोल एका बाजूला झुकेल. दर वर्षी 50,000 रुपयांचा प्रवास करायचा, तर त्यासाठी सहा लाखांच्या आसपास भांडवल अडकून राहतं. म्हणजे सहा लाखांचं घरकाम आणि वर्षाची एक चांगली सहल यांचं वजन जवळपास सारखंच. फरक एवढाच की वाईट वर्षी सहल रद्द करता येते, बसवलेली लादी उखडून पैसे परत मिळत नाहीत. घराच्या बाजूनेही तितकंच खरं बोलता येतं. सहलीत वर्षाचे दहा-पंधरा दिवस जातात, घरात साडेतीनशे. जे जोडपं सकाळच्या चहापासून रात्रीच्या अंथरुणापर्यंत त्याच दोन खोल्यांत असतं, त्याला उजेड, वारा आणि कोरडी भिंत मिळणं ही चैन म्हणता येत नाही.

म्हणून घरकामाच्या यादीतलं प्रत्येक काम वेगळं काढून पाहायला हवं. हे मी आमच्याच घरात उशिरा शिकलो. वडील निवृत्त झाले तेव्हा आम्ही हॉलचं रूप पालटलं. छताला पीओपी, त्यात दिवे, नवा सोफा. पाहुणे येतात ती खोली आधी, असं कुणाला वेगळं ठरवावंही लागलं नाही. न्हाणीघरात जुनीच गुळगुळीत लादी राहिली आणि दाराशी अडीच इंचांचा उंबरठा. तिसऱ्या वर्षी भाद्रपदात आई तिथेच घसरली. खुब्याचं हाड, ऑपरेशन, मग सहा महिने घरी मदतीला ठेवलेल्या बाईंचा पगार. हॉलच्या खर्चापेक्षा हा खर्च जास्त झाला. त्या वर्षी दोघं काशीला जायचे होते. ते राहिलंच.

घसरू नये अशी खडबडीत लादी, कमोडशेजारी भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडा, उंबरठा काढून टाकणं, पलंगावरून हात पोचेल असा दिव्याचा खटका. हे काम एका लाखात होत असेल, तर ते महिन्याला 683 रुपयांना पडतं, आणि या यादीत त्याच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही. त्याच्या जोडीला गच्चीची गळती आणि जुनं वायरिंग. या कामांना थांबवण्यात काहीच हशील नाही. बाकी सगळं वर्षभर थांबू शकतं. आधी वर्षभर दिवसा त्या घरात राहून पाहावं. नोकरीत असताना आपलं घर दुपारी बारा वाजता कसं असतं हे आपल्याला माहीतच नसतं. पश्चिमेच्या खोलीत उन्हाळ्यात बसवत नाही, हे निवृत्तीनंतर पहिल्यांदा कळतं आणि मग पीओपीऐवजी खिडकीवर छज्जा हवासा वाटतो.

आणखी एक प्रश्न ठेकेदाराच्या आधी सोसायटीला विचारावा. इमारत पुनर्विकासाला जाणार आहे का? उपविधींनुसार तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी करायचं असतं. मुंबई, ठाणे, डोंबिवली, पुणे इथल्या कितीतरी इमारती आज या वयात आहेत. पाच वर्षांत जी भिंत पाडायची आहे तिच्यावर आठ लाखांचं फर्निचर ठोकणारे लोक मी पाहिलेत. त्यांना कुणी फसवलं नव्हतं, त्यांनी फक्त विचारलं नव्हतं.

कोकणातल्या गावघराचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तिथे घर आणि प्रवास एकच होतात. मुंबईत आयुष्य गेलेला माणूस निवृत्तीचे पैसे हातात येताच गावचं घर बांधायला घेतो. कौलं उतरवून स्लॅब, मातीची जमीन काढून टाइल्स, शहरासारखं बाथरूम. याच्या विरोधात बोलणं मला जड जातं. ज्या ओटीवर आजोबा बसत ती ढासळताना पाहणं काय असतं, हे आकड्यांत बसत नाही. तरीही दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, घराच्या कागदावर नावं किती आहेत. चुलत भावंडांचं सामाईक घर एकट्याच्या ग्रॅच्युइटीतून उभं राहिलं की पैसा एकाचा आणि हक्क साऱ्यांचा होतो, आणि त्यातून तुटलेली नाती कोकणात घरोघर आहेत. दुसरी, तिथे वर्षातून किती दिवस राहणार. गणपती आणि शिमगा मिळून वीस दिवस असतील, तर पावसाआधी शाकारणी, वाळवीचा बंदोबस्त आणि एक चांगलं न्हाणीघर एवढं पुरेसं होतं. आठ महिने राहणार असाल, भाजीपाल्याचा परसू करणार असाल, तर गोष्ट निराळी. तेव्हा शहरातलं घर भाड्याने देता येतं आणि सगळा हिशेबच बदलतो.

प्रवासाच्या बाजूचं सगळ्यात मोठं म्हणणं गुडघ्यांचं आहे. पैसा व्याज देत थांबतो, गुडघे थांबत नाहीत. साठ ते सत्तर ही दहा वर्षं फिरण्याची. पण सवलतींची रचना नेमकी उलटी आहे. एसटीने 2022 च्या ऑगस्टपासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात मोफत प्रवास दिला, 65 ते 75 वयाला निम्मं भाडं, आणि मार्च 2023 पासून सर्व वयाच्या स्त्रियांना निम्मं भाडं. हे फार चांगलं झालं. गावोगावच्या बायका यामुळे माहेरी, देवाला, दवाखान्यात आपल्या मनाने जाऊ लागल्या. पण 58 ला निवृत्त झालेल्या पुरुषाला पहिली सात वर्षं पूर्ण भाडं, आणि मोफत पास हाती येतो तेव्हा एसटीची पहिली पायरी चढवत नाही. रेल्वेत तर साठीवरच्या पुरुषांना 40 टक्के आणि 58 वरच्या स्त्रियांना 50 टक्के सवलत होती. ती 20 मार्च 2020 ला कोविडमुळे बंद झाली आणि पुन्हा सुरू झाली नाही. सरकारचं म्हणणं असं की रेल्वे प्रत्येक प्रवाशाच्या खर्चाचा जवळपास निम्मा भाग आधीच सोसते. हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. वातानुकूलित पहिल्या वर्गाच्या तिकिटावर सवलत कशाला, हा प्रश्न योग्यच आहे. पण निदान स्लीपर आणि थ्री एसीसाठी तिचा विचार करा, असं रेल्वेच्या संसदीय स्थायी समितीनेही सुचवलं आहे, आणि मला तेच पटतं. राज्याची मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना माणशी 30,000 रुपयांपर्यंत खर्च देते, पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत हवं. आपल्या उदाहरणातलं सांगलीचं जोडपं त्यात बसत नाही. ज्याला फार कमी मिळतं त्याला योजना आहे, ज्याच्याकडे भरपूर आहे त्याला गरज नाही, आणि मधला माणूस पूर्ण तिकीट काढतो.

त्या मधल्या माणसानेही फिरावं, असं माझं ठाम मत आहे, आणि कमी पैशात फिरण्याच्या वाटा आपल्याकडे जुन्या आहेत. शेगावच्या भक्तनिवासात स्वच्छ खोली माफक दरात मिळते. नर्मदा परिक्रमेला जाणारी मराठी माणसं आश्रमांत मुक्काम करत महिनोन् महिने चालतात. निवृत्ताकडे एक गोष्ट नोकरदारापेक्षा जास्त असते, ती म्हणजे वार. शनिवार-रविवार आणि मेची सुट्टी टाळली की खोलीचे दर उतरतात. सात दिवसांत नऊ ठिकाणं दाखवणाऱ्या सहलीपेक्षा एकाच गावात दहा दिवस खोली घेऊन राहिलं, स्वतः चहा-भात केला, तर खर्च कमी आणि दमणूकही कमी. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून साठ दिवस आधी उघडतं, पूर्वी एकशे वीस दिवस होते. त्यामुळे दोन महिन्यांपुढचा बेत कागदावरच ठेवावा लागतो. तोही ठेवावा.

सावधपणे खर्च करा म्हणणाऱ्यांचं सगळ्यात भक्कम म्हणणं मात्र अजून बाकी आहे. महागाई सहा टक्के धरली, तर बारा वर्षांत 29,050 रुपयांची किंमत निम्म्यावर येते. व्याज तेवढंच राहतं आणि तूरडाळ तेवढी राहत नाही. शिवाय दुखणी. सत्तरीनंतर आयुष्मान भारतचं पाच लाखांचं संरक्षण उत्पन्न न पाहता मिळतं, ऑक्टोबर 2024 पासून. साठ ते सत्तर मात्र आपला विमा आपणच भरायचा. म्हणून शिल्लक राहणारे 7,050 सगळे फिरण्याचे नाहीत. माझ्या हिशेबाने त्यातले 2,500 वाढत्या ठिकाणी, म्हणजे छोट्या एसआयपीत जावेत, 1,500 औषधपाण्यासाठी बाजूला पडावेत, आणि 3,000 प्रवासाच्या वेगळ्या खात्यात. वर्षाचे 36,000. दोघांसाठी हे थोडे नाहीत. आणि या खात्याला घराच्या रंगासाठी, नातवाच्या सायकलसाठी, कुणाच्या लग्नाच्या आहेरासाठी हात लावायचा नाही. सत्तरीनंतर त्यातला ओघ हळूहळू औषधांकडे वळेल. ते आपोआप होतं, त्याची आधीपासून तयारी म्हणून साठीतच घरी बसायला नको.

घाईची एकच जागा आहे. 58 ला निवृत्त होणाऱ्याला ज्येष्ठ नागरिक योजनेत पैसे ठेवायचे तर ते हाती आल्यापासून तीन महिन्यांत ठेवावे लागतात. पहिल्या वर्षाच्या आत खातं मोडलं तर व्याज मिळत नाही, पुढेही एक-दीड टक्का कापला जातो. तेव्हा न्हाणीघराचा लाख-सव्वा लाख या तीन महिन्यांतच वेगळा काढावा, आणि ठेकेदाराचा दहा लाखांचा कागद खणात ठेवून द्यावा.

आमच्या न्हाणीघरात आता दोन दांडे आहेत. आईने पंच्याहत्तरी ओलांडल्यावर पहिला मोफत प्रवास केला तो पंढरपूरचा. वाहकाने हात दिला, मागून मी आधार दिला, आणि ती खिडकीशी बसली. वाटेत तिने विचारलं, काशीला एसटी जाते का रे?