पॉइंट मुरत नाहीत

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, ठाण्याला असतात. त्यांच्या मोबाइलमध्ये पाच विमान कंपन्यांची आणि तीन हॉटेल साखळ्यांची ॲप आहेत आणि सगळीकडचे मिळून अडीच लाखांच्या घरात पॉइंट. गेली तीन वर्षं ते टोकियोच्या बिझनेस क्लासची वाट पाहताहेत. "तिथे एका पॉइंटचे साडेतीन रुपये वसूल होतात," असं ते सांगतात. त्याच तीन वर्षांत वडिलांच्या दुखण्यापायी त्यांनी नागपूरच्या सहा फेऱ्या केल्या. सहाही पदरच्या पैशांनी.

दाजींसारखे पुष्कळ आहेत, म्हणून त्यांचा पक्ष नीट मांडतो. पॉइंट फुकट मिळतात, ते साठवावेत, आणि एका पॉइंटमागे जितके जास्त रुपये निघतील तितका आपला फायदा. मला यातलं एकही मान्य नाही.

फुकटाचं आधी आटोपतो. भाचीच्या क्लासची फी दीड लाख. क्लासवाले म्हणाले, कार्डाने भरणार असाल तर दोन टक्के वर. दाजींनी तीन हजार रुपये जादा मोजले आणि शंभराला दोन या दराने तीन हजार पॉइंट घेतले. म्हणजे रुपयाला एक पॉइंट चक्क विकत आणला. तो किती रुपयांना वटतो ते पुढे येईलच. आणि एखाद्या महिन्यात कार्डाचं बिल थकलं, तर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास लागतं. आवळा देऊन कोहळा काढण्याचा धंदा इथेही आहेच, फक्त कोहळा आपला असतो.

साठवण्याचा मुद्दा जास्त घातक आहे, कारण तो आपल्या संस्कारांना धरून आहे. बेगमी करणारी माणसं आपण. लोणचं मुरतं, मुदत ठेव वाढते, तसे पॉइंटही वाढतील असं वाटतं. पण अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी ॲडव्हान्टेज योजना काढली, तेव्हा जे नेहमीच्या गिऱ्हाइकाला दिलेलं बक्षीस होतं, ते पुढे विकायचा माल झालं. कंपन्या बँकांना पॉइंट ठोक भावाने विकतात आणि बँका ते कार्डावर आपल्याला वाटतात. कोविडमध्ये विमानं जमिनीवर उभी असताना युनायटेडने आपली माइल्सची, म्हणजे पॉइंटांचीच, योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले, डेल्टाने ९ अब्ज. विमानांपेक्षा पॉइंटांवर सावकाराचा भरवसा जास्त!

आता हे चलन छापणारा आणि ते घेऊन माल देणारा दुकानदार एकच. भाव काय ठेवायचा, हे तोच ठरवणार. डेल्टाने २०१५ मध्ये कुठल्या प्रवासाला किती माइल्स लागतील याचा तक्ताच काढून टाकला. मॅरियट या हॉटेल साखळीने २०२२ मध्ये तेच केलं. आता खोलीला किती पॉइंट लागतील हे साधारण रोख भाड्याबरोबर वरखाली होतं. १२ नोव्हेंबर २०२४ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिच्या सभासदांचे पॉइंट एअर इंडियाच्या महाराजा क्लबात गेले. आकडा बुडाला नाही, पण त्या आकड्यात काय मिळणार हे नव्या घरच्या दराने ठरू लागलं. किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली ती परत उडालीच नाही. तिच्या किंग क्लब योजनेतल्या माइल्सना नंतर कोणी विचारलं नाही.

यावर दाजी हमखास जेट एअरवेजचा दाखला देतात. एप्रिल २०१९ मध्ये जेट बंद पडली, तरी लोकांचे माइल्स राहिलेच की. राहिले, कारण ते माइल्स सांभाळणारी जेटप्रिव्हिलेज ही वेगळी कंपनी होती आणि तिच्यात निम्म्याहून जास्त वाटा एतिहादचा होता. तीच पुढे इंटरमाइल्स झाली. यात सभासदांची हुशारी ती काय?

राहिला साडेतीन रुपयांचा हिशोब. तो सगळ्यांना भुलवतो, म्हणून कागदावरच मांडू. टोकियोचं बिझनेस क्लासचं जाऊन-येऊन तिकीट चार लाखांचं धरा. पॉइंटांत एक लाख दहा हजार, शिवाय कर आणि इंधन अधिभार रोख पंधरा हजार. चार लाखांतून पंधरा हजार वजा करून भागा: साडेतीन रुपये. गणित बरोबर आहे. फक्त मी विचारलं, "दाजी, पदरचे चार लाख देऊन बसला असता का?" ते गप्प. ताई स्वयंपाकघरातून हसली.

ते गेले असते तर इकॉनॉमीने, पंचावन्न हजारांत. म्हणजे वाचणारे पैसे पंचावन्न हजारांतून पंधरा वजा करून चाळीस हजार, आणि एका पॉइंटचे पडले छत्तीस पैसे. उलट मुंबई-नागपूर तिकीट सहा हजार दोनशे. पॉइंटांत आठ हजार आणि वर तेराशे रोख. एका पॉइंटला एकसष्ट पैसे. रुपयाला घेतलेला पॉइंट, हे विसरू नका.

पाय पसरून झोपत जाण्याला काहीच मोल नाही, असं मी म्हणत नाही. त्या आरामाचे स्वतःच्या खिशातून तीस हजार मोजायची तयारी असेल, तर टोकियो जेमतेम नागपूरच्या पुढे सरकतं. पण ते तीस हजार आपण लावायचे, विमान कंपनीच्या दरपत्रकाने नव्हे. आपण कधी दिलीच नसती त्या किमतीवरची सूट मोजून खूश होणं, हे साडीच्या सेलमध्ये ताईला शोभतं. (ताई, रागावू नकोस.)

दुसऱ्या टोकाची मंडळीही मला पटत नाहीत. हे सगळं थोतांड, त्या भानगडीत पडूच नये, असं म्हणणारे. दुकानदार कार्डाचा खर्च बहुतेक वेळा मालाच्या किमतीत आधीच धरतो. बिल वेळेवर भरणाऱ्याने वर काही न देता मिळणारे पॉइंट सोडून देणं म्हणजे सुटे पैसे गल्ल्यावर विसरून येणं. अमेरिकेतल्या डेव्हिड फिलिप्स या इंजिनिअरने १९९९ मध्ये डब्यांवर माइल्स मिळत होते म्हणून सुमारे ३,१४० डॉलरचे पुडिंगचे १२,१५० डबे घेऊन साडेबारा लाखांच्या आसपास माइल्स मिळवले, तेही हिशोबानेच. फरक इतकाच की तेव्हा कंपनीचं गणित चुकलं होतं. आता यंत्रं सहसा चुकत नाहीत.

मग वापरायचे कुठे? जिथे नाहीतरी पैसे जाणारच होते, तिथे. ऐनवेळी जावं लागतं आणि भाडं दुप्पट झालेलं असतं, तेव्हा पॉइंटांचा भाव बघावा. काही वेळा तो तेवढा चढलेला नसतो. मॅरियटमध्ये सलग पाच रात्री पॉइंटांवर घेतल्या तर चारांचेच कापतात, म्हणून चार रात्रींचा बेत पाचावर नेणं परवडतं. चोवीस महिने खात्यात काहीच हालचाल नसेल तर तिथले पॉइंट जातात, तेव्हा काहीतरी किरकोळ जमा-खर्च करत राहावा. आणि बँकेचे पॉइंट विमान कंपनीकडे वळवण्याआधी जागा आहे का ते डोळ्यांनी पाहावं. एकदा वळवले की परत येत नाहीत.

परवा हे सारं दाजींपुढे मांडलं. पुढच्या महिन्यात त्यांना आणि ताईला नागपूरला लग्नाला जायचं होतं. मी त्यांच्याच ॲपमध्ये दोन जागा काढून दाखवल्या, सोळा हजार पॉइंट.

"अरे, नागपूरला कोण पॉइंट घालवतं?" म्हणाले, आणि कार्डाने बारा हजार चारशे भरून टाकले. दोनशे अठ्ठेचाळीस पॉइंट मिळाले.