मुलगी प्रचारात, गर्भपात पडद्याआड

केज : १२ जून २०१२ रोजी केज विधानसभा मतदारसंघात पोटनिवडणुकीसाठी मतदान झाले. त्याच सुमारास शेजारच्या परळीतील एका डॉक्टर दाम्पत्याचा पोलीस शोध घेत होते. १८ मे रोजी त्यांच्या रुग्णालयात गर्भपात करताना एका विवाहितेचा मृत्यू झाला होता. निकालानंतर काही दिवसांतच डॉ. सुदाम मुंडे आणि त्यांच्या पत्नी पोलिसांना शरण आले. २०१९ मध्ये बीडच्या न्यायालयाने दोघांना दहा वर्षांची सक्तमजुरी सुनावली.

निवडणूक आणि गर्भपात हे दोन विषय इतके जवळ येऊनही एकमेकांना भिडले नाहीत, हे बीड जिल्ह्याच्या राजकारणाचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. अमेरिकेत याच्या नेमके उलट घडते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये गर्भपाताला असलेले घटनात्मक संरक्षण काढून घेतले आणि हा प्रश्न प्रचाराच्या केंद्रस्थानी आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीबरोबरच दहा राज्यांनी त्यावर थेट मतदान घेतले. सात राज्यांनी गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने कौल दिला.

भारतात १९७१ च्या कायद्याने गर्भपाताला मान्यता दिली ती प्रामुख्याने कुटुंबनियोजन आणि मातांचे आरोग्य डोळ्यांसमोर ठेवून. त्यावरून मतांची विभागणी झाली नाही. हा कायदा रद्द करण्याची मागणी कोणत्याही प्रमुख पक्षाने निवडणुकीचा मुद्दा केली नाही. वाद उभा राहिला तो गर्भलिंग तपासणीचा. या तपासणीवर बंधने घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्येच केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मधील ८९४ वरून २०११ मध्ये ८०७ पर्यंत घसरली. राज्यात हा सर्वांत नीचांक होता.

विशेष म्हणजे, याच काळात जिल्ह्यात महिला नेतृत्वाची वानवा नव्हती. डॉ. विमल मुंदडा १९९० पासून सलग पाच वेळा केजमधून निवडून आल्या आणि त्यांनी राज्याचे आरोग्य खातेही सांभाळले. त्यांच्या निधनामुळेच २०१२ ची पोटनिवडणूक झाली. पुढे २०१४ मध्ये संगीता ठोंबरे, तर २०१९ आणि २०२४ मध्ये नमिता मुंदडा यांना केजने विधानसभेत पाठविले. महिला उमेदवाराला मत देण्यात मतदाराला अडचण वाटत नाही; अडचण घरात दुसरी वा तिसरी मुलगी येण्याची आहे. हुंडा, शेतीची वाटणी, ऊसतोडीच्या हंगामात स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाची मुलीबाबतची काळजी, ही त्यामागची कारणे सर्वपरिचित आहेत.

राजकारणाची अडचण नेमकी येथे आहे. डॉक्टर एक असतो, पण त्याच्या दारात जाणारी कुटुंबे सर्व जातींची आणि सर्व पक्षांची असतात. त्यांना जाब विचारणे म्हणजे मतदारालाच जाब विचारणे. त्यापेक्षा डॉक्टरला कोणाचे अभय होते, असा आरोप विरोधकांवर करणे सोपे. त्याहून सोपे म्हणजे योजना जाहीर करणे. २०१५ मधील ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’च्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत बीडचा समावेश होता. राज्याने २०१६ मध्ये ‘माझी कन्या भाग्यश्री’, तर २०२३ मध्ये टप्प्याटप्प्याने एक लाख एक हजार रुपये देणारी ‘लेक लाडकी’ आणली. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी महिलांना दरमहा दीड हजार रुपये देणारी ‘लाडकी बहीण’ आली. या योजना निरुपयोगी आहेत असे नाही. मात्र त्यांत मुलगी लाभार्थी म्हणून दिसते, तिच्या जन्मापूर्वीच्या निर्णयावर त्या बोलत नाहीत.

या मौनाचा आणखी एक तोटा आहे. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द भाषणांतून इतका सरसकट वापरला गेला की, गर्भपात मुळातच बेकायदा आहे, असा समज पसरला. वास्तविक गुन्हा आहे तो लिंगतपासणीचा आणि त्याआधारे केलेल्या निवडीचा. २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा आहे, तर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये ही मुभा अविवाहित महिलांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले. कायदेशीर सेवा मागणारी स्त्रीही संशयाच्या नजरेने पाहिली गेली, तर ती चोरवाटेकडेच वळणार. बीड जिल्ह्यात जून २०२२ मध्ये पुन्हा एका महिलेचा बेकायदा गर्भपातात मृत्यू झाला. परळीच्या प्रकरणाला तेव्हा दहा वर्षे उलटली होती.

त्यामुळे केजच्या मतदाराने पुढील निवडणुकीत उमेदवाराला दोन प्रश्न विचारायला हवेत. तालुक्यातील सोनोग्राफी केंद्रांची तपासणी नियमित होते का? आणि सरकारी रुग्णालयात महिलेला कायदेशीर गर्भपाताची सुरक्षित सेवा मिळते का? पहिल्या प्रश्नाने डॉक्टर दुखावतील, दुसऱ्याने कदाचित घरातील वडीलधारी मंडळी. दोन्ही प्रश्न आजवर टाळले गेले, त्याचे कारणही हेच आहे.