पायवाट सर्वांची, साखळी ज्याची त्याची

इंग्लंडमध्ये वसंत ऋतू उजाडला की शुक्रवारच्या संध्याकाळी हमरस्त्यांवर एक ठरावीक दृश्य दिसू लागते. मोटारीच्या मागे चाकांवरचे लहानसे घर जोडलेले असते आणि मोटारीच्या मागच्या काचेतून एखादा कुत्रा उत्सुकतेने बाहेर पाहत असतो. दोन-तीन दिवसांची सुटी काढायची, कोणा शेतकऱ्याच्या कुरणात ही कॅरॅव्हॅन उभी करायची, जाड तळव्यांचे बूट चढवायचे आणि कुत्र्याला घेऊन दिवसभर रानोमाळ हिंडायचे, हा तेथील मध्यमवर्गाचा आणि कामगारांचाही आवडता विसावा आहे. वरवर पाहता ही एक निरुपद्रवी करमणूक. तिच्यात गंभीर विचार करण्याजोगे काय आहे, असे कोणासही वाटेल. परंतु ही करमणूक ज्या भूमीवर चालते ती बहुधा दुसऱ्याच्या मालकीची असते. परक्या माणसाने दुसऱ्याच्या शेतातून, तेही आपल्या कुत्र्यासह, हक्काने चालत जावे, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. तिच्यामागे मोठा झगडा आहे आणि तो अद्याप पुरता मिटलेला नाही.

चाकांवरच्या घरातून केवळ आनंदासाठी भटकण्याची कल्पना मुळात सुखवस्तू लोकांची. गॉर्डन स्टेबल्स नावाचा एक गृहस्थ आरमारात शल्यवैद्य होता आणि पुढे मुलांसाठी साहसकथा लिहून त्याने नाव मिळविले. १८८५ साली त्याने ‘वाँडरर’ नावाची प्रशस्त गाडी खास बांधवून घेतली, तिला दोन घोडे जुंपले आणि इंग्लंडमधून थेट स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. त्याच्याबरोबर नोकर होता, गाडीवान होता, एक काकाकुवा होता आणि न्यूफाउंडलंड जातीचा एक थोरला कुत्राही होता. म्हणजे कॅरॅव्हॅन आणि कुत्रा यांची सोबत या छंदाच्या जन्मापासूनची आहे. १९०७ साली अशा हौशी मंडळींचा क्लब स्थापन झाला. पुढे घोड्यांची जागा मोटारीने घेतली आणि नोकरचाकर बाळगणाऱ्यांचा हा छंद हळूहळू शाळामास्तर, कारकून आणि गिरणी कामगार यांच्याही आवाक्यात आला. गाडी आवाक्यात आली, तरी गाडीतून उतरल्यावर चालायचे कोठे, हा प्रश्न मात्र गाडीने सुटण्यासारखा नव्हता.

त्याचे उत्तर तेथील पायवाटेत आहे. इंग्लंड-वेल्समध्ये सार्वजनिक पायवाट ही कायद्याच्या दृष्टीने राजमार्गाच्याच कुळातली आहे. जमीन शेतकऱ्याची असली तरी तिच्यावरून जाण्याचा हक्क सर्वांचा, आणि एकदा सिद्ध झालेला हा हक्क केवळ वापर थांबला म्हणून लोप पावत नाही. पिकातून जाणारी वाट नांगरली गेली, तर ती ठरावीक मुदतीत पुन्हा चालण्याजोगी करून देणे हे १९९०च्या कायद्याने शेतकऱ्यावर बंधनकारक केले आहे. १९४९ साली संसदेने राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण भागातील प्रवेश यांविषयीचा कायदा केला आणि अशा वाटा अधिकृत नकाशांवर उतरविण्याचे काम स्थानिक संस्थांकडे सोपविले. आज नोंदलेल्या सार्वजनिक वाटांची लांबी सुमारे २ लाख २५ हजार किलोमीटर आहे. एवढे मोठे सार्वजनिक धन खाजगी मालकीच्या जमिनींवर पसरलेले आहे. त्याला ना भिंत आहे, ना तिजोरी.

हे धन कोणी दान म्हणून दिलेले नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातील काही शे तरुण किंडर स्काउट या डोंगरपठारावर मालकांची बंदी झुगारून चढले. शिकारीच्या पक्ष्यांसाठी राखलेले हे माळ सामान्यांना बंद होते आणि आठवडाभर यंत्रांच्या घरघरीत काम करणाऱ्यांना त्या मोकळ्या हवेची ओढ होती. रखवालदारांशी झटापट झाली, सहा जणांना अटक झाली आणि त्यांपैकी पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या कैदेची शिक्षा झाली. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन त्या वेळी अवघा वीस वर्षांचा होता. या शिक्षेने लोकमत उलट चालणाऱ्यांच्या बाजूस झुकले. १९५१ साली तोच परिसर देशातील पहिल्या राष्ट्रीय उद्यानात समाविष्ट झाला. १९६५ साली पेनाइन डोंगररांगांवरून जाणारा दीर्घ पायमार्ग खुला झाला. आणि २००० सालच्या कायद्याने डोंगर, माळ व सामायिक गायरानांच्या मोठ्या प्रदेशात वाट सोडूनही हिंडण्याची मुभा मिळाली. तुरुंगापासून कायद्यापर्यंतच्या या प्रवासाला अडुसष्ट वर्षे लागली.

आता कुत्र्याचा प्रश्न. वाटेने चालणाऱ्याबरोबर त्याचा कुत्रा असणे कायदा स्वाभाविक मानतो. मात्र वाट सोडून त्याला शेतात मोकाट पळू देण्याचा हक्क त्यात येत नाही. २००० सालच्या कायद्याने खुल्या झालेल्या प्रदेशात तर स्पष्ट नियम आहे: १ मार्च ते ३१ जुलै या काळात, आणि गुरे-मेंढ्यांच्या जवळ वर्षभर, कुत्रा दोन मीटरपेक्षा अधिक लांब नसलेल्या दोरीने बांधलेलाच असला पाहिजे. हे महिने निसर्गक्रमाने ठरले आहेत. याच दिवसांत टिटवी, चंडोल, कुरल्यू यांसारखे पक्षी जमिनीवर घरटी करतात. त्यांची अंडी उघड्या गवतात असतात. कुत्र्याच्या नुसत्या वावराने पक्षीण उठली की अंडी थंड पडतात किंवा कावळ्यांच्या तोंडी जातात. याच दिवसांच्या आगेमागे डोंगरावरच्या मेंढ्या वितात. गाभण मेंढीला कुत्र्याने चावण्याचीही गरज नसते. तो खेळकरपणे मागे लागला तरी भीतीने आणि धावपळीने गर्भपात होऊ शकतो.

शहरवासी मालकाला हे पटवून देणे कठीण जाते, कारण घरी मुलांच्या अंगावर लोळणारा आपला कुत्रा हिंस्र असू शकेल, ही कल्पनाच त्याला सहन होत नाही. परंतु कळपामागे धावणे ही कुत्र्याची उपजत प्रवृत्ती आहे. तिला आवरणे ही कुत्र्याची नव्हे, मालकाची जबाबदारी आहे. कायद्यानेही ती तशीच ठरविली आहे. मेंढ्यांना त्रास देणाऱ्या कुत्र्याच्या मालकाला १९५३च्या कायद्याने दोषी धरले जाते, आणि आपले जनावर वाचविण्याचा दुसरा उपाय उरला नाही, तर शेतकऱ्याने त्या कुत्र्याला गोळी घातली तरी १९७१च्या कायद्याचा आधार त्याला मिळू शकतो. मात्र अठ्ठेचाळीस तासांच्या आत त्याने पोलिसांना कळविले पाहिजे. सुटीसाठी आलेले कुटुंब रिकामी साखळी हातात घेऊन परतते आणि शेतकऱ्याच्या कुरणात फाडलेली कोकरे पडलेली असतात. दोन मीटर दोरीने टळणारा हा अनर्थ आहे. गाईंच्या बाबतीत तर नियमाला एक शहाणा अपवाद आहे: वासरे असलेल्या गाई कुत्र्याला पाहून अंगावर धावून आल्या, तर साखळी सोडून द्यावी, असा तेथील अधिकृत सल्ला आहे. कुत्रा धावून निसटतो. त्याला धरून ठेवणारा माणूस मात्र तुडविला जाऊ शकतो. नियम पाळायचा तो त्याचा हेतू समजून, हे यातून दिसते.

महाप्रस्थानाच्या वाटेवर धर्मराजाने शेवटपर्यंत सोबत आलेल्या कुत्र्याचा त्याग करण्यास नकार दिला, ही कथा मराठी वाचकाला ठाऊक आहे. सोबत्याची निष्ठा स्वीकारणे म्हणजे त्याचा भार स्वीकारणे, हा तिचा अर्थ. कुत्र्याचे प्रेम हवे, पण त्याच्या धावण्याचा, भुंकण्याचा आणि विष्ठेचा भार दुसऱ्याच्या शेतावर टाकायचा, हे त्या निष्ठेशी सुसंगत नाही. विष्ठेचा उल्लेख काहींना क्षुल्लक वाटेल. पण तिच्यातून पसरणारे काही परजीवी गाईंच्या गर्भपाताला कारण होतात, हे गोपालकाला चांगले ठाऊक असते. ती पिशवीत भरून परत नेणे हा त्याच्या दृष्टीने शिष्टाचारापेक्षा अधिक गंभीर विषय आहे.

याला दुसरी बाजू आहे आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. कुत्रा, कचरा आणि उघडी टाकलेली फाटके यांची कारणे पुढे करून चालणाऱ्यांनाच दूर ठेवू पाहणारे जमीनमालक पूर्वीही होते, आजही आहेत. डार्टमूर या प्रसिद्ध माळरानावर तंबू ठोकून रात्र काढण्याचा हक्क १९८५च्या स्थानिक कायद्यात आहे की नाही, यावर अलीकडेच मोठा वाद झाला. जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने मालकांच्या बाजूने निकाल दिला, जुलैत अपील न्यायालयाने तो फिरविला आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोकांचा हक्क एकमताने मान्य केला. जुन्या, नकाशावर न उतरलेल्या वाटांच्या नोंदणीला २००० सालच्या कायद्याने २०२६ची अंतिम मुदत घातली होती; ती पुढे २०३१पर्यंत लांबविण्यात आली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने इंग्लंडपुरती ही मुदतच रद्द करण्याचा मनोदय जाहीर केला. वर्षानुवर्षे चालून मिळविलेला हक्क कागदावरच्या एका तारखेने संपू शकतो, ही भीती काल्पनिक नव्हती. तेव्हा चालणाऱ्यांनी जागरूक राहावे, हे योग्यच आहे.

पण जागरूकता म्हणजे बेफिकिरी नव्हे. उलट, ज्याचा हक्क वादग्रस्त आहे त्याने अधिक काटेकोर असले पाहिजे. मोकाट सुटलेला प्रत्येक कुत्रा हा कुंपण घालू पाहणाऱ्याच्या हातातील पुरावा असतो. आणि शेतकरी व पाहुणा यांचे हितसंबंध परस्परविरोधी आहेत, हे गृहीतही तपासून पाहण्यासारखे आहे. २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ-खुरकुताची भीषण साथ आली, साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली आणि देशभर पायवाटा बंद झाल्या. त्या वर्षी चालणाऱ्यांच्या अनुपस्थितीने खेड्यांतील खाणावळी, दुकाने आणि लहान हॉटेले ओस पडली, तेव्हा या वाटांवरून किती कुटुंबांचे पोट चालते हे सर्वांच्या ध्यानात आले. १९६०च्या कायद्याने मान्यताप्राप्त संस्थांच्या सभासदांच्या पाच कॅरॅव्हॅनपर्यंत जागा देण्यासाठी परवान्याची अट शिथिल केली आहे. त्यामुळे डोंगरातील अनेक लहान शेतकरी कुरणाचा एक कोपरा पाहुण्यांना देतात. त्या भाड्याचा हातभार त्याच मेंढपाळाच्या संसाराला लागतो. सकाळी ज्याच्याकडून दूध आणि अंडी घ्यायची, दुपारी त्याच्याच मेंढ्यांमागे कुत्रा सोडायचा, हा व्यवहार कोणत्याही नीतीत बसणारा नाही.

महाराष्ट्राला या साऱ्याशी काय कर्तव्य, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. वाटेचा हक्क या मातीलाही नवा नाही. गावनकाशांवर गाडीवाट दोन तुटक रेषांनी आणि पायवाट एका तुटक रेषेने दाखविलेली असते. मामलेदार न्यायालयांविषयीचा १९०६चा कायदा आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ यांनी शेतकऱ्याच्या वहिवाटीला संरक्षण दिले आहे. तरीही कित्येक पाणंदी दोन्ही बाजूंच्या बांधांनी इंचाइंचाने गिळल्या आहेत आणि त्यांच्या रेषा फक्त नकाशात उरल्या आहेत. शिवाय हे संरक्षण मुख्यतः शेतात जाणाऱ्याला आहे. केवळ पाहण्यासाठी, मोकळा श्वास घेण्यासाठी चालणाऱ्याचा हक्क येथे कोणी फारसा विचारातच घेतलेला नाही. दुसरीकडे, शनिवार-रविवारी सह्याद्रीच्या किल्ल्यांवर आणि धबधब्यांवर लोटणारी गर्दी वाढत आहे. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात दररोजच्या पर्यटकांच्या संख्येला मर्यादा घालावी लागली, ती याच गर्दीमुळे. जेथे माणसे स्वतःला आवर घालत नाहीत, तेथे त्यांना आवरणारा दुसरा कोणी तरी पुढे येतो.

म्हणून इंग्लंडकडून घ्यायचे ते दोन्ही घ्यावे. गावनकाशावरच्या तुटक रेषा जमिनीवर पुन्हा उमटाव्यात, त्यांच्या नोंदी पक्क्या व्हाव्यात आणि चालणाऱ्याच्या हक्काला शासनाने मान्यता द्यावी, ही मागणी निःसंकोच करावी. पण तिच्याबरोबर त्या देशातील जुना, साधा नियमही उचलावा: फाटक जसे सापडेल तसेच ठेवून पुढे जावे. उघडे असेल तर उघडे, लावलेले असेल तर लावलेले. दुसऱ्याच्या अंगणातून जाण्याचा मान ज्या समाजाला टिकवायचा आहे, त्याने वाटेसाठी भांडताना हातातली साखळी सैल सोडून चालणार नाही.